होते तसे गाल

“गाल परत भरून द्या,” बाई म्हणाल्या. “होते तसे.”

फोटोवाल्याला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं. इतकी वर्षं या खुर्चीत बसून त्याने लोकांची पोटं आत घेतली होती, टकलांवर केस पेरले होते, पुढे आलेल्या कानांना शिस्त लावली होती. काढून टाका म्हणणारे रोज यायचे. परत द्या म्हणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

“काय वहिनी, दुकान उघडल्या उघडल्या चेष्टा?”

“चेष्टा नाही, दादा. बसते जरा.”

त्या आधीच बसल्या होत्या. बाहेर त्यांचा नवरा स्कूटरवरच थांबला होता, एक पाय जमिनीला टेकवून. इंजिन चालूच.

“भाऊंना म्हणावं, बंद करा. पेट्रोल फुकट जातंय.”

“असू दे.”

फोटोवाल्याने फाइल उघडली. स्क्रीनवर त्यांची मुलगी आली. नववीतली. निमुळती हनुवटी, लांब मान, गालांत हलकीशी सावली. हे सगळं त्याच्याच हातचं. त्या दिवशी मुलगी स्टुलावर बसली होती आणि आई त्याच्या खांद्यामागे उभी राहून सांगत होती, अजून थोडं कमी, अजून थोडं. शेवटी मुलीला दाखवलं, तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली. “छान आहे ही,” म्हणाली. शेजारच्या कुणाच्या मुलीबद्दल बोलावं तशी.

“आधीचा फोटो असेलच ना तुमच्याकडे?”

“नाही हो. मी त्याच्यावरच काम करतो आणि त्याच्यावरच सेव्ह करतो. जागा कुठे पुरते? पण घरी असतील की ढीगभर.”

“नाहीत.” बाई म्हणाल्या. “मोबाइलमधले तिने पुसले. अल्बममधूनही स्वतःला कापून काढलंय. कात्रीने, अगदी नीट. वाढदिवसाच्या फोटोत आम्ही दोघं आहोत, केक आहे, आणि मधे भोक.”

फोटोवाल्याने उगाचच माउस पुसला.

“हा एवढा एक मिळाला.” त्यांनी मोबाइल पुढे केला. तेवढ्यात तो वाजला, तसा झटकन ओढून कानाला लावला. “हं... नाही ना? बरं.” एवढंच बोलून पुन्हा पुढे केला.

एकाच चित्रात दोन चेहरे होते. डावीकडे त्याने केलेली बारीक मुलगी. वर लिहिलं होतं, ‘जाहिरात’. उजवीकडे खरी, कुणीतरी चोरून टिपलेली, तोंड उघडं ठेवून हसणारी. वर लिहिलं होतं, ‘प्रत्यक्ष माल’. तिच्या गळ्याखाली रस्ता दाबायच्या यंत्राचं भलंमोठं चाक जोडलं होतं. कपाळभर अक्षरं: ‘रोडरोलर येतोय, बाजूला व्हा!’

“कुणी केलं हे?”

“वर्गातल्याच मुलांनी. बारीक केलेला फोटो मीच टाकला होता पालकांच्या ग्रुपवर. माझी लेक बघा म्हणून.” बाईंचा आवाज सपाट होता. “आठवडाभर सगळा वर्ग हसत होता. काल तिच्या मैत्रिणीने दाखवला, तेव्हा मला कळलं.”

“घरी काही बोलली नाही?”

“बोलली ना. म्हणाली, आई, मला शाळेत पाठवू नकोस. मी म्हटलं, बस सोड, चालत जा. चार किलो उतरतील, मग बघू कोण हसतं.”

फोटोवाला उजवीकडचा चेहरा घेऊन कामाला लागला. आधी चाक गेलं. मग कपाळावरची अक्षरं एकेक करून पुसली, लहान मुलाचं तोंड ओल्या फडक्याने पुसावं तशी हळू. खालून कपाळ निघालं, स्वच्छ, रुंद. चाकाच्या कडेने कापलेले गाल भरून आले. हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली, पांघरुणाची घडी पडावी तशी मऊ.

“नाकाजवळ तीळ आहे तिच्या,” बाई म्हणाल्या. “तुम्ही काढला होता.”

“तुम्हीच सांगितलं होतं.”

“हो. मीच.”

त्याने तीळ ठेवला.

“हसताना डावा डोळा बारीक होतो. तो राहू दे. बघितल्याबरोबर ओळखू आली पाहिजे.”

“येणारच. आईने ओळखल्यावर आणखी कोणी ओळखायचं राहिलं?”

बाई पुढे झुकल्या. बोटाने त्यांनी काचेवरचा गाल चाचपला. कधीकाळी पाळण्यापाशी गुणगुणलेलं काहीतरी ओठांपर्यंत आलं आणि शब्दांवाचूनच परत गेलं.

“गोड आहे ना हो?”

“गोडच आहे. मीच उगाच बिघडवली होती.” स्वतःच्या कामाचं फोटोवाल्याला इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं. “वहिनी, याला मोठं मन लागतं बरं का. चांगला मोठा करून दारासमोरच्या भिंतीवर लावा. शाळेतून आली की पहिला हाच दिसू दे. मग बघा पोरीचं तोंड कसं फुलतं!”

बाईंनी बाहेर स्कूटरकडे पाहिलं.

“फ्रेम कुठली देऊ? लाकडी शोभेल.”

“फ्रेम नको. साध्या कागदावर काढा. जेवढ्या निघतील तेवढ्या प्रती.”

“अरे वा! गावभर वाटणार की काय?” तो हसला.

“खाली जागा सोडा, दादा. मजकूर आहे.”

“सांगा.” त्याने बोटं कीबोर्डवर ठेवली.

“नाव मोठ्या अक्षरांत. त्याच्याखाली, वय चौदा. उंची पाच फूट. रंग सावळा. बांधा...” बाई अडखळल्या. मग एकेक अक्षर दाताखालून काढावं तसं म्हणाल्या, “जाड. स्पष्ट लिहा, जाड. काल सकाळी शाळेत म्हणून चालत निघाली, ती तिथे पोचलीच नाही.”