टेलरकाकूंचा खुळखुळा

देशोदेशीची वाद्यं हाताने बनवून वाजवायला शिकवणाऱ्या वर्गात आज सुक्या भोपळ्यांचे खुळखुळे तयार झाले होते. बिया भरून, बूच ठोकून जो तो जोरजोरात वाजवत होता. टेलरकाकूंच्याच खुळखुळ्याचा आवाज पातळ, चार खडे हलल्यासारखा. “काकू, बियांतसुद्धा काटकसर?” सर ओरडले, तसा वर्ग खदखदून हसला. “घाला की अजून दोन मुठी!” काकूंनी खुळखुळा छातीशी धरला. “नको सर, असाच राहू दे.” “अहो, द्या इकडे!” सरांनी तो हसत हसत ओढून घेतला, बूच उपटलं आणि तळहातावर उपडा केला. बिया नव्हत्याच. इवलेसे दात होते, दुधाचे. सगळ्यांचे खुळखुळे हातातच थांबले. सरांना मूठ मिटताही येईना. काकूंनी एकेक दात उचलून परत आत टाकला. “आणखी कुठून घालू, सर? लेक गेली, तोवर तिचे एवढेच पडले होते.”