फट नसलेली खोली

कुंडलिकनं शेवटचा पत्रा खांबाला ठोकला आणि खोलीभोवती हात फिरवत एक फेरी मारली. बोटभरही फट नव्हती.

"लेका, अजून ऐक," त्याचे वडील रखमाजी म्हणाले. वेल्ह्याच्या रानातून त्यांनी कारवीच्या काठ्यांच्या मोळ्या आणून ठेवल्या होत्या. "कुड घालू. आतनं-भाईरनं शेणमातीनं लिंपू. वर गवत टाकू. आठ दिसांत गार खोली व्हती. सूनबाईच्या बाळंतपणाला अजून पंधरवडा हाय."

"कुडातनं वारं शिरतंय, आबा. हितं न्हाई शिरायचं."

वाऱ्याचं नाव निघालं की त्या घरात सगळेच गप्प होत.

तीन वर्षांपूर्वी ऐन वैशाखात त्याची बायको बनाबाई बाळंत झाली, ती भाटघरला, धरणाच्या मजुरांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या खोलीत. कुंडलिक तिथं दगड वाहत होता. बाळंतिणीनं बारा दिवस उंबरा ओलांडायचा नाही, ही रीत. नवव्या दिवशी भर दुपारी बना बाळाला घेऊन आंब्याखाली जाऊन बसली. शेजारणींनी कुंडलिकला हाक मारली. त्यानं तिला दंडाला धरून आत नेलं आणि बाहेरून कडी घातली. दिवेलागणीला पोर गेलं. वारं बाधलं, बायका म्हणाल्या. लोकांच्या जिभेला हाड नसतं, पण कुंडलिकलाही ते पटलं. तेव्हापासून तो बायकोशी कामापुरतंच बोले. का बाहेर आलीस, एवढंही त्यानं कधी विचारलं नाही. दुःख मात्र खरं होतं त्याचं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. धरण पुरं झाल्यावर तिथले जुने पत्रे त्यानं डोक्यावरून वाहून आणले, ते याच खोलीसाठी.

आता खिळ्यांची जुनी भोकं तेवढी बुजवायची राहिली होती. दार लावून अंधार केला की ऊन शिरतं ती भोकं बरोबर दिसतात. चिंध्यांचे बोळे घेऊन तो भर दुपारी आत गेला आणि दार ओढून घेतलं.

एक भोक बुजलं. दुसरं बुजलं. पाचव्याला हात पत्र्याला लागला आणि चटका बसला. सदरा भिजून अंगाला चिकटला. कानशिलं ठणकू लागली. सहावं भोक समोर दिसत होतं, पण हात वर होईना. श्वास घ्यावा तर पेटत्या चुलीत तोंड घातल्यासारखं. आपण आता मरतो, असं त्याला खरोखर वाटलं. धडपडत त्यानं दार लोटलं आणि तो बोरीच्या सावलीत जाऊन कोसळला.

बना पाण्याचा तांब्या घेऊन आली. दिवस भरत आलेले. तिला वाकता येईना. उभ्यानंच तिनं तांब्या पुढं केला.

"आत जीव ऱ्हात न्हाई गं," तो म्हणाला.

बनानं पत्र्याच्या खोलीकडं पाहिलं.

"म्हणून तर तवा आल्ते भाईर," ती म्हणाली. "पोराला घिऊन."