धीराची पट्टी

“काकूला तूच फोन कर गं. तुझा धीराचा दिवा आहे,” आई म्हणाली.

हॉस्पिटलच्या बाकावरून शर्वाणी उठली. बाबांना अर्धांगवायूचा झटका आल्याचं तिने काकूला न अडखळता सांगितलं. मनगटावरच्या पट्टीत निळा दिवा लागला.

नववीत शाळेतलं यंत्र मुलांचं डोकं तपासायचं आणि ज्याचं जे बलस्थान असेल, त्याची पट्टी मनगटावर बांधली जायची. ते बलस्थान कामी आलं की पट्टीतला दिवा लागे. मुलांना उणिवा ऐकवून खचवायचं नाही, असं आता सगळीकडेच ठरलं होतं. शर्वाणीला निळी पट्टी मिळाली तेव्हा आईने पेढे वाटले होते. तिची जुळी बहीण ऋजुता हिला पिवळी मिळाली, विनोदाची. म्हणून सकाळपासून त्याच बाकावर बसलेल्या ऋजुताला कुणी काही करायला सांगितलं नव्हतं.

“डॉक्टर बोलावतायत. जा, तूच ऐकून ये,” आई म्हणाली.

शर्वाणी जागची हलली नाही. “आई, मला नाही जमणार. खूप भीती वाटतेय.”

निळा दिवा विझला. आईने घाईने तिचा हात ओढला, पट्टी पदराने पुसली, पुन्हा पाहिली. मग सकाळपासून पहिल्यांदाच तिने शर्वाणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कुशीत घेतलं.

ऋजुता उठली. “मी जाते.”

“अगं, तुला कसं जमेल?”

ऋजुता डॉक्टरांच्या खोलीकडे निघालीसुद्धा. तिच्या मनगटावर कुठलाच दिवा लागलेला नव्हता.