तळ्याकाठच्या माडावरचा ठोका

आम्ही मलबारातले तिय्या, पिढ्यान्‌पिढ्या माडी काढणारे. माडाची पोय, म्हणजे मिटलेला फुलोरा, रस सुटावा म्हणून हाडाने ठोकायची प्रत्येकाची लय वेगळी, त्यामुळे कोण कुठल्या माडावर आहे ते बायका चुलीपाशी बसून सांगतात. माझ्या बापाचे दोन ठोके जोरात, एक हळू.

बाप तळ्याकाठच्या माडावरून पडून मेला. तरी रोज संध्याकाळी तिथून तोच ठोका येई.

"तोडून टाकू तो माड," कणारनकाका म्हणाला.

"माड माझा आहे. मी चढते."

"बाईमाणूस माडावर? लाज वाटत नाही, चिरुते?"

"लाज माडावरच्याला विचारा! मेला तरी उतरत नाही."

बापाची सुरी आणि हाड कमरेला खोचून मी चढले. वस्तीतले सगळे माडीवाले खाली जमून मला शिव्या घालत होते.

शेंड्यात कुणी नव्हतं. पोय मात्र आत्ताच कापल्यासारखी गळत होती.

"बापा, उतर आता," मी म्हटलं आणि माझ्या स्वतःच्या लयीत ठोकलं. एक जोरात, तीन हळू.

खालचे सगळे माडीवाले माना वर करून बघू लागले.

समोरच्या रिकाम्या माडावरून उत्तर आलं. एक जोरात, तीन हळू. मग त्याच्या पलीकडच्या माडावरून. मग सगळ्या बागेतून, आजवर मेलेले सगळे माडीवाले वर बसले असावेत तसं.

मी हाड घट्ट धरलं आणि त्याहून जोरात ठोकलं.