दीड पानाचं भाषण

माझ्या सागरी कादंबरीचा नायक भर वादळात एकटाच नांगर ओढता ओढता दीड पानाचं भाषण ठोकतो. हर्णैच्या जेट्टीवर ते वाचून दाखवलं, तर जाळी सांधत बसलेले म्हातारे खलाशी खोखो हसत सुटले.

“दीड पान?” धर्माबाबा तांडेलांनी डोळे पुसले. “मास्तर, चला बोटीवर!”

नांगराचा ओला दोर त्यांनी माझ्या हातात दिला आणि माझ्यामागे चौघे दोराला लागले. “ओढा. भाषण चालू द्या!”

“मित्रांनो, हा अथांग सागर...” एवढ्यात तळवे सोलवटले, चष्मा उडाला, श्वासच संपला. मागून आरोळी आली, “हैस्सा!” पुढच्या हिसक्याला माझ्याही तोंडून तीच निघाली. मग पाचही जण ओरडत, हसत, घसरत ओढत राहिलो. चिखलाने माखलेला नांगर वर आला तेव्हा मी, दोन मुलींचा बाप, बोटीवर नाचलो.

त्याच संध्याकाळी भाषण खोडलं, नायकामागे चार माणसं उभी केली आणि एकच शब्द पानभर लिहिला.

दुसऱ्या दिवशी जेट्टीवर पहिला ‘हैस्सा’ मी वाचला. पुढचे सगळे जेट्टीने म्हटले.