बारा नंबरचे गळ

"चार नंबर नको. बारा दाखव," ओतुओमा म्हणाला.

रिस्पाचा हात पेटीतच थांबला. वीस वर्षं ती या किनाऱ्यावर गळ विकत होती, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी हा म्हातारा तिला गळ कसा पारखावा ते शिकवत आला होता.

"बाबा, बारा नंबरला बोटाएवढी मासळी लागते. तुम्हाला माणूस काढायचाय."

"माणूस नाही, मुलगा काढायचाय. मोठा गळ रुतेल तिथं फाडतो. ओबिएरोचा चेहरा फाटलेला मला बघायचा नाही. हिलाही बघू द्यायचा नाही."

हिला म्हणजे आविनोला. ती सासऱ्याच्या मागे उभी होती. तिचा नवरा ओबिएरो आदल्या दिवशी संध्याकाळी धाकट्या भावाबरोबर होडी घेऊन गेला होता. धाकटा ओगोला एकटाच पोहत परत आला. लाट आली, होडी उलटली, अंधारात दादा दिसलाच नाही, एवढंच तो सांगू शकला आणि वाळूत पडून ओक्साबोक्शी रडला.

ओतुओमा एकेक गळ उचलून उजेडात धरत होता. ज्याचा उलटा काटा जास्त धारदार वाटेल, तो परत पेटीत टाकत होता. जे निवडले, त्यांच्यावरही त्याने कानस फिरवली. आविनो त्याच्या बोटांकडे बघत राहिली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण या माणसाच्या तोंडून मायेचा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. आज ती माया तिला त्या बोथट केलेल्या काट्यांत दिसली.

दुपारपासून दोघं सरोवरात गळ ओढू लागली. ती वल्हवायची, तो दोरी धरून बसायचा. लांब दोरीला हातहातभर अंतरावर गळ बांधलेले. कधी शेवाळ वर यायचं, कधी फाटकं जाळं. दोरी जड झाली की आविनो वल्हं टाकून पाण्यात वाकून बघायची. पाणवनस्पतींचा गठ्ठा वर आला की ती पुन्हा वल्हं हातात घ्यायची.

"समोरच्या बेटाच्या मागे बघू या का?" दुसऱ्या दिवशी तिने विचारलं.

"तिथं पाणी खेळतं नाही. तिकडे तो जाणारच नाही."

"ओगोला भावजी म्हणत होते, होडी त्याच बाजूला होती."

"ओगोला घाबरलेला आहे. पाणी मला कळतं की त्याला?"

तिने पुन्हा वल्हं मारलं. पाणी त्याला कळत होतं, हे सारा किनारा जाणत होता.

तिसरा दिवस गेला, चौथा गेला. बुडालेला माणूस तीन दिवसांत आपण होऊन वर येतो, सरोवर कुणाला ठेवून घेत नाही, असं बायका म्हणत. आता त्यांनी म्हणणं सोडलं. शव मिळेपर्यंत किनाऱ्यावर कुणी जाळं टाकायचं नाही, ही रीत. होड्या वाळूवर पालथ्या पडल्या होत्या. घरोघरी मक्याच्या पिठाच्या उगालीबरोबर नुसता पाला शिजत होता. कुणी तक्रार करत नव्हतं, पण आविनो दिसली की बायका पोरांना हाक मारून आत घेत.

सहाव्या दिवशी तिच्या तळहातांची सालटं निघाली. ओतुओमाने स्वतःचा सदरा फाडून तिच्या हातांना पट्ट्या बांधल्या.

"बाबा, सापडेल ना?"

"वल्हव पोरी," तो म्हणाला.

सातव्या दिवशी वडीलधारे जमले. शव नाही तर त्याच्या जागी यागोच्या झाडाचं फळ पुरायचं, हे वाडवडिलांपासून चालत आलेलं. माणसाच्या दंडाएवढं ते फळ कापडात गुंडाळून घराच्या उजव्या अंगाला पुरलं. आविनो रडली नाही. फळासाठी कसं रडायचं, तिला कळेना. दुसऱ्या दिवशी सगळ्या होड्या पाण्यात गेल्या.

महिन्याने वडीलधाऱ्यांनी ठरवलं, थोरल्याचं घर आणि त्याची बायको आता ओगोलाने सांभाळायची. रीतच होती ती. आविनोला कुणी विचारलं नाही. ओगोला रोज येऊ लागला. खाली मान घालून बोलायचा, पाणी भरून ठेवायचा. आज तो अंगणात छपरासाठी गवत कापत बसला होता.

ओतुओमा आत आला तेव्हा आविनो जमिनीवर दोरी पसरून गळ बांधत होती. चार नंबरचे, मोठे. कानस न लावलेले.

"हे काय?"

"रिस्पाकडून आणले. उद्या मी एकटीच जाणार. बेटाच्या मागे."

"चेहरा फाटेल त्याचा."

"फाटू दे. मला एक हाड मिळालं तरी चालेल, बाबा. फळाच्या थडग्यापुढं आयुष्य काढायचं, आणि दुसऱ्याला जेवायला वाढायचं? नाही जमणार मला. त्याला बघितल्याशिवाय नाही जमणार."

म्हातारा तिच्यासमोर उकिडवा बसला. हात पुढे करून त्याने तिच्या बोटांतला गळ काढून घेतला. बाहेर कोयता गवतावर सपासप चालत होता.

"जाऊ नकोस. त्याला दगड बांधलेत."

आविनोला आधी काही समजलंच नाही.

"कुणी बांधले?"

"मी. पहिल्याच दिवशी पहाटे, आपण रिस्पाकडे जायच्या आधी, तो माझ्या जुन्या गळाला लागला होता. होडीत घेतला मी त्याला. डोळे मिटले. मग परत सोडला."

"का?" तिने त्याचं मनगट धरलं. "बाबा, का?"

ओतुओमाने दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"पाठीत कोयत्याचा वार होता, पोरी. आणि मुलगे मला दोनच."