उभी राहिली की थरथरते

“उभी राहिली की थरथरते,” ती म्हणाली. “पळताना काही नाही. थांबली की गचके देते आणि बंदच पडते. पुढं नेववेना, म्हणून इथंच वळवली.”

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. मोठी, सात सीटची गाडी. त्याच्या ओळखीची. दर सर्व्हिसिंगला तिचा नवरा ती आणायचा आणि काम संपेपर्यंत डोक्यावर उभा राहायचा.

“साहेब नाही आले?”

“ऑफिसात आहेत. आम्ही आईकडे निघालोय. तिला बरं नाही.”

मागच्या सीटवर दोन गच्च भरलेल्या बॅगा होत्या. त्यांच्यावर, भर उन्हाळ्यात, लोकरीचे स्वेटर. स्वेटरांना टेकून सात वर्षांची मुलगी बसली होती.

“चिमणे, उतर. काकांना काम करू दे,” ती म्हणाली. मुलगी उतरून टेबलाजवळच्या स्टुलावर जाऊन बसली. एवढ्या वयाचं पोर गॅरेजमध्ये कशालाही हात न लावता बसतं, याचं मिस्त्रीला नवल वाटलं.

“कधीपासून असं होतंय?”

“बरेच दिवस झाले. हे म्हणाले, इंजिनच गेलंय, हात लावू नकोस. म्हणून दारात उभी होती.”

“इंजिन असं जात नसतं, ताई. माणसं जातात.” तो स्वतःच्याच विनोदावर हसला. ती हसली नाही.

त्यानं प्लग काढले. चारही पांढरट पडले होते. “हवा जास्त खातेय,” तो म्हणाला. “इंजिनला हवा मोजून लागते. हिच्यात कुठूनतरी चोरून शिरतेय. पळताना खपून जातं, उभी राहिली की पोटात गोळा येतो.”

प्लग परत बसवून त्यानं गाडी सुरू केली. बॉनेट ताप भरलेल्या माणसासारखं थरथरू लागलं. डब्यातला स्प्रे घेऊन तो एकेका पाइपावर मारत गेला. समोर काही फरक नाही. बाजूला नाही. इंजिनच्या मागच्या अंगाला, खाली, मारला आणि आवाज एकदम बदलला. त्यानं इंजिन बंद केलं, टॉर्च घेऊन आत वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

“उंदीर?” तिनं विचारलं.

“उंदीर कुरतडतो. हे सरळ कापलंय. ब्लेडनं. तेही खालून, वरून बघणाऱ्याला दिसू नये असं.”

कुणी कापलं, हे तिनं विचारलं नाही. शर्टाच्या बाह्या तेवढ्या मनगटापर्यंत खाली ओढल्या. मिस्त्रीनं पाहिलं आणि नजर वळवली. खिशातून त्यानं आपला बटणांचा जुना फोन काढला.

“कुणाला करताय?” ती एकदम पुढं आली.

“स्पेअरवाल्याला. पाइप आहे का विचारतो.”

“मला ऐकू येईल असं बोला.”

त्यानं स्पीकर लावला. पलीकडून आवाज आला, “भवानीच्या वेळेला वीतभर पाइप मागतोस होय रे! आहे, ये घेऊन जा.”

दुकान रस्त्यापलीकडेच होतं. मिस्त्री निघाला, पण ती वाट अडवून उभी होती. तिचे डोळे त्याच्या खिशाकडे होते.

त्यानं फोन काढून टेबलावर ठेवला. “हा इथंच राहू दे. मग तर झालं?”

तरी ती त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली. तो दुकानात शिरल्यापासून दुकानाच्या दारावरची तिची नजर हलली नाही. आत तो कुणाशी बोलतोय, किती वेळ बोलतोय, काचेतून काही नीट दिसेना. अखेर हातात पाइप घेऊन तो एकटाच बाहेर आला. तिनं श्वास सोडला.

पाइप बसायला जागा अडचणीची. मिस्त्रीचा हात आत पोचेना, कोपर सोललं, एक क्लिप निसटून खाली पडली, ती शोधण्यातही वेळ गेला. शेवटी त्यानं स्क्रू आवळला आणि म्हणाला, “मारा.”

तिनं चावी फिरवली. गाडी सुरू आहे की नाही, कान देऊन ऐकावं लागलं. तिनं खाली उतरून बॉनेटवर तळहात ठेवला, आणि मग तिचा चेहरा सैलावला. डोळे भरून आले.

मिस्त्रीनं हात पुसले. “ताई, एक सांगू? आईकडे जाऊ नका. पहिल्यांदा तिथंच शोधतील.”

तिनं बॉनेटवरचा हात काढून घेतला.

“माझी बहीण अशीच माहेरी आली होती,” तो म्हणाला आणि पुसलेले हात पुन्हा फडक्यावर घासले. “दुसरीकडे कुठंही जा. मी ही गाडी आज पाहिलेली नाही. साहेबांनी काय, कुणीही विचारू दे.”

“मी तुमच्यावर संशय घेतला, दादा.”

“घ्यायलाच हवा होता.”

तिनं चिमणीला मागं बसवलं, पट्टा लावला, तिच्या केसांवरून हात फिरवला. स्टिअरिंगवर बसली. गिअर टाकला.

फाटकात एक पांढरी गाडी आडवी येऊन थांबली. आतला माणूस घाईत नव्हता. त्यानं काच वर केली, इंजिन बंद केलं आणि मग दार उघडलं.

तिनं वळून मिस्त्रीकडे पाहिलं. त्या नजरेनं तो दोन पावलं मागं सरला.

“मी नाही, ताई. आईशप्पथ, मी नाही.”

“मी केला फोन,” मागून चिमणी हळूच म्हणाली. “रागावू नकोस ना, आई. आपण आपणहून सांगितलं की बाबा कमी मारतात.”